गालिच्याची ओल आणि छातीतली घरघर

एका सहकारी बँकेच्या शाखेत काम करणाऱ्या वाचकाचे पत्र आले आहे. त्यांच्या शाखेत सभेच्या खोलीत आणि साहेबांच्या केबिनमध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट चिकटवलेले आहे. गेल्या श्रावणात ते शाम्पूच्या पाण्याने घासून धुऊन घेतले. त्यानंतर आठ-दहा दिवस खोलीत कुबट वास येत राहिला, आणि लहानपणापासून दमा असलेल्या पत्रलेखकांना त्या दिवसांत दोनदा मध्यरात्री उठून पंप ओढावा लागला. आता एक ठेकेदार म्हणतो की, पाणी जवळजवळ न वापरता, यंत्राला पॅड लावून तो कार्पेट साफ करून देईल आणि दोन तासांत खोली वापरता येईल. 'ही पद्धत प्रकृतीच्या दृष्टीने बरी की वाईट?' असा त्यांचा प्रश्न आहे.

कार्पेट धुण्याची पद्धत डॉक्टरला कशाला विचारायची, असे काहींना वाटेल. पण दम्याच्या रुग्णाला औषध लिहून देणे सोपे; तो दिवसाचे आठ तास कोणत्या हवेत बसतो, हे कळल्याशिवाय त्या औषधाचा हिशेब जुळत नाही. म्हणून हा विषय या सदरात घेत आहे.

पूर्वी आपल्याकडे कार्यालयात फार तर जाजम किंवा सतरंजी असे. कार्यक्रम झाला की ती गुंडाळायची, गच्चीवर नेऊन कठड्यावर टाकायची, काठीने झोडपायची आणि दिवसभर उन्हात तापू द्यायची. यात मोठे शहाणपण होते. धूळ घराबाहेर झटकली जाई आणि उन्हाने ओल जाई. चिकटवलेल्या कार्पेटला मात्र ऊन कधीच दिसत नाही. आता बँका, विमा कार्यालये, दागिन्यांची दुकाने, लॉजचे हॉल, मंगल कार्यालयांची वातानुकूलित सभागृहे, एवढेच काय, काही क्लासच्या खोल्यांतही अशी कार्पेट आली आहेत. ती बसवताना रंग आणि भाव पाहिला जातो. साफ कशी करायची, हा विचार पहिला डाग पडल्यावर सुरू होतो.

कार्पेटच्या वरच्या केसाळ भागाला आपण लव म्हणू. चपला-बुटांबरोबर आलेली माती आणि बारीक वाळू, कपड्यांचे तंतू, आपल्या त्वचेचे रोज गळणारे सूक्ष्म पापुद्रे, फराळाचे कण, बुरशीची बीजे, हे सगळे या लवेच्या मुळाशी जाऊन बसते. त्यावर जगणारा एक जीव म्हणजे धुळीतील माइट. हा कोळ्याच्या जातकुळीतला किडा लांबीला मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा. साध्या डोळ्यांना दिसत नाही. घरातल्या धुळीच्या ॲलर्जीचे मूळ या किड्यात आहे, असे हॉलंडमधील लायडन येथील फोरहोर्स्ट, स्पीक्समा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६४ साली मांडले. तो चावत नाही. त्रास होतो तो मुख्यतः त्याच्या विष्ठेचा. एक किडा दिवसाला सुमारे वीस गोळ्या टाकतो. त्या वाळतात, पायाखाली फुटतात, हवेत उडतात आणि नाकात किंवा श्वासनलिकेत जातात.

या किड्याची एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. तो पाणी पीत नाही. हवेतली बाष्प अंगात शोषून जगतो. हवेतील आर्द्रता पन्नास टक्क्यांच्या बरीच खाली काही आठवडे राहिली, की तो सुकून मरतो. सत्तर-ऐंशी टक्के आर्द्रतेत मात्र त्याची प्रजा वाढत जाते. कोकणात आणि घाटमाथ्याला लागून असलेल्या गावांत जून ते सप्टेंबर हवा कशी असते, हे वाचकांना सांगायला नको. अर्थात न्यायाने बोलायचे तर या किड्यांचे खरे माहेरघर म्हणजे आपली गादी आणि उशी. ज्याला रात्री झोपेत शिंका येतात त्याने आधी तिकडे पाहावे, बँकेच्या कार्पेटला दोष देऊ नये.

आता पाण्याकडे येऊ. बादलीत शाम्पू कालवून ब्रशने कार्पेट घासायचे आणि फडक्याने टिपायचे, हा प्रकार आपल्याकडे सर्रास चालतो. वरची लव एका दिवसात कोरडी वाटते. पण पाणी लवेतून खाली तागाच्या किंवा रबरी थरात उतरलेले असते, आणि त्याखाली फरशी असल्यामुळे त्याला वाट नसते. ओली वस्तू चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळवली नाही तर बुरशी धरण्याचा धोका असतो, असे अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचे मार्गदर्शन आहे. श्रावणात, खिडक्या बंद असलेल्या खोलीत, अठ्ठेचाळीस तासांत चिकटवलेले कार्पेट बुडापर्यंत वाळणे कठीणच. पत्रलेखकांना जो कुबट वास आला तो बहुधा या बुरशीचाच. कार्पेटखाली ओल, वरती वातानुकूलन यंत्र आणि बाहेर पाऊस, असा तिहेरी योग दम्याच्या माणसाला मानवत नाही.

गरम पाण्याचे यंत्र वापरून केलेली धुलाई याहून बरी. त्यात यंत्र लवेत दाबाने गरम पाणी सोडते आणि त्याच क्षणी ओढूनही घेते. पाण्याबरोबर मुळाशी बसलेली घाण निघते. मात्र यंत्राची ओढण्याची ताकद चांगली हवी, आणि तरीही वाळायला अनेक तास लागतातच.

ठेकेदार सांगतो ती पॅडची पद्धत याच अडचणीतून पुढे आली. मोठ्या हॉटेलांत आणि विमानतळांसारख्या ठिकाणी, जिथे जागा रात्रभर बंद ठेवणे परवडत नाही, तिथे ती वापरतात. फरशीला पॉलिश करणारे गोल फिरणारे यंत्र वाचकांनी पाहिले असेल. तसल्याच यंत्राच्या खाली सुती किंवा मायक्रोफायबरचे जाड, पाणी शोषणारे गोल पॅड बसवतात. हे यंत्र मिनिटाला साधारण पावणेदोनशे फेरे घेते. काही नवी यंत्रे गरगर फिरण्याऐवजी जागच्या जागी थरथरतात. त्यांनी लव कमी पिंजारते. काम करण्याची रीत अशी, की आधी कार्पेट व्हॅक्युम क्लीनरने नीट कोरडे साफ करायचे. मग फवाऱ्याने सफाईचे द्रावण अगदी हलके मारायचे, पाऊस पडल्यासारखे नव्हे, दव पडल्यासारखे. मळ सुटायला पाच-दहा मिनिटे द्यायची. नंतर ओलसर पिळलेले पॅड लावून यंत्र फिरवायचे. सुटलेला मळ पॅड टिपून घेते. एक बाजू काळी पडली की पॅड उलटायचे, दोन्ही बाजू मळल्या की दुसरे घ्यायचे. पंखे लावले तर तास-दोन तासांत लव कोरडी होते. पावसाळ्यात थोडा जास्त वेळ धरावा.

काही ठेकेदार यात वेगळ्या जातीचे द्रावण वापरतात. ते मळाच्या कणाभोवती गुंडाळले जाते आणि वाळल्यावर ठिसूळ खड्यासारखे होते. हे खडे दुसऱ्या दिवशी व्हॅक्युमने ओढून घ्यायचे असतात. हा दुसरा व्हॅक्युम ठरलेल्या कामाचाच भाग आहे. तो न करता ठेकेदार बिल घेऊन गेला, तर काम अर्धवटच झाले असे समजावे.

तेव्हा प्रश्नाचे उत्तर सरळ देतो. ओलीच्या दृष्टीने पॅडची पद्धत बादलीच्या धुलाईपेक्षा निश्चित बरी, आणि पावसाळ्यात काही करायचेच असेल तर हेच करावे. पण ती वरवरची सफाई आहे. आपण घामाघूम होऊन आलो की ओल्या रुमालाने तोंड पुसतो. त्यात गैर काही नाही, बरे वाटते. पण त्याला कुणी अंघोळ म्हणत नाही. पॅड लवेची वरची टोके पुसते. मुळाशी बसलेली वाळू, किडे आणि त्यांची विष्ठा तिथेच राहते. चहाचे डाग गेले, रंग उजळला, म्हणून खोलीतील हवा दम्याला अनुकूल झाली असे मानू नये.

आणखी एक धोका आहे, आणि तो ठेकेदार सांगत नाही. धूळ आधी ओढून न घेता फिरते पॅड लावले, तर ते लवेतली कोरडी धूळ हवेत उधळते. याचे एक गंभीर उदाहरण वैद्यकीय वाङ्मयात नमूद आहे. अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या कर्करोग विभागात जवळच्या इमारतीला आग लागली त्या काळात एक खिडकी वारंवार उघडली गेली, आणि बाहेरून ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची बीजे आत येऊन कार्पेटमध्ये बसली. पुढे खिडकी कायमची बंद केली, पण कार्पेट याच फिरत्या पॅडच्या यंत्राने साफ केले गेले आणि बीजे हवेत पसरली. प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णांना फुफ्फुसाचा बुरशीचा रोग झाला. सफाईची पद्धत बदलून ओले शोषण करणारे यंत्र आणल्यावर नवे रुग्ण आढळले नाहीत. हा वृत्तांत १९९४ साली प्रसिद्ध झाला, आणि अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णालयांसाठी २००३ साली काढलेल्या सूचनांतही त्याचा दाखला आहे.

हे वाचून बँकेतल्या मंडळींनी घाबरू नये. ही बुरशी हवेत सर्वत्र असते, आपण सगळेच तिची बीजे रोज श्वासातून घेतो आणि निरोगी माणसाला काही होत नाही. कर्करोगाची औषधे चालू असलेले, अवयव रोपण झालेले, दीर्घकाळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेणारे, अशांची गोष्ट निराळी. दम्याच्या काही रुग्णांना या बुरशीचीही ॲलर्जी असते. म्हणून पॅड लावण्याआधीचा व्हॅक्युम हा या पद्धतीचा प्राण आहे. तो घाईने ढकलत न नेता सावकाश, आडवा-उभा फिरवायला हवा. साध्या व्हॅक्युमची पिशवी बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीतच सोडते. त्यामुळे ठेकेदाराकडे 'हेपा' फिल्टरचे यंत्र आहे का, हे विचारून घ्यावे. हा फिल्टर मायक्रॉनच्या तीन दशांश आकाराचे कणसुद्धा शेकडा ९९.९७ अडवतो.

शाम्पूबाबतही एक गैरसमज आहे, की दोन झाकणांऐवजी चार टाकली तर दुप्पट स्वच्छ होईल. पॅडच्या पद्धतीत पाण्याने खळबळणे नसते, त्यामुळे जास्तीचा साबण लवेतच राहतो. तो चिकट असतो, नवी धूळ धरून ठेवतो आणि महिन्याभरात कार्पेट पूर्वीपेक्षा काळे दिसते. तोच साबण पुरता वाळला की त्याची भुकटी पायाखाली उडते. अमेरिकेत कार्पेटला शाम्पू केल्यानंतर दोन ठिकाणी माणसांना खोकला आणि घसा सुकण्याचा त्रास झाल्याचा अहवाल १९८२ साली प्रसिद्ध झाला होता. कारण होते लवेत राहिलेला साबणाचा अंश. तपासण्याची सोपी युक्ती म्हणजे पांढरे फडके पाण्यात भिजवून, पिळून, कार्पेटच्या कोपऱ्यात जोराने घासावे. फेस आला तर साबण राहिला आहे. सुगंधी द्रावणाचा आग्रह तर मुळीच धरू नये. वासाने माश्या पळत असतील-नसतील, दम्याचा रुग्ण मात्र हमखास खोकतो.

वर्षाचे वेळापत्रक आखायचे झाले तर मी असे सुचवीन. रोजच्या वहिवाटीच्या जागी रोज किंवा एक दिवसाआड व्हॅक्युम, आणि दाराशी चांगले खरखरीत, लांब पायपुसणे. माती आत येण्याआधीच अडली की पुढचा निम्मा खर्च वाचतो. दोन-तीन महिन्यांनी, गरज असेल तिथे, पॅडची सफाई. गरम पाण्याची खोल धुलाई वर्षातून एकदा-दोनदा, आणि तीही होळीनंतर ते मेअखेर, नाही तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत, शनिवारी संध्याकाळी करून रविवारी दिवसभर पंखे आणि खिडक्या चालू-उघड्या ठेवून. सोमवारी कोपरा उचलून खालचा थर हाताने चाचपावा. छत गळून किंवा पुराचे पाणी शिरून कार्पेट तीन दिवसांपेक्षा जास्त भिजलेले राहिले असेल, तर धुण्यात पैसे घालू नयेत, सरळ काढून टाकावे. आणि ज्यांनी अजून कार्पेट घेतलेले नाही त्यांना माझे म्हणणे एवढेच, की आपल्या हवेत शहाबादी किंवा कोट्याची फरशी आणि रोजचे ओले फडके यांना तोड नाही. शोभेला हवी तर गुंडाळता येणारी सतरंजी घ्यावी.

रुग्णांसाठी दोन शब्द. नाक वाहणे, शिंका, डोळ्यांना खाज, छातीत घरघर हा त्रास कार्यालयात गेल्यावर तासाभरात सुरू होतो का आणि रविवारी-सुटीत कमी होतो का, याची दोन आठवडे वहीत नोंद ठेवा आणि ती डॉक्टरांना दाखवा. पुष्कळ वेळा रक्ताच्या तपासणीपेक्षा ही वही आम्हाला अधिक सांगून जाते. सफाई चालू असताना दमेकऱ्याने खोलीत थांबू नये. किड्यांच्या विष्ठेचे कण जड असतात. धूळ उडवणे थांबल्यावर अर्ध्या-पाऊण तासात ते बरेचसे खाली बसतात. पण द्रावणाचा वास आणि ओल यांसाठी त्या दिवशी तिथे न बसणेच उत्तम. वरिष्ठांनी यात कमीपणा मानू नये, एका दिवसापुरती खुर्ची दुसऱ्या खोलीत हलवावी. आणि कार्पेट साफ झाले म्हणून रोजचा प्रतिबंधक पंप परस्पर बंद करू नये.

मंगल कार्यालयांच्या चालकांनीही एक गोष्ट पाहावी. लग्नाच्या गर्दीत एखाद्या मुलाला कार्पेटवर उलटी होते आणि कुणीतरी त्यावर भुसा टाकून झाडून घेतो, किंवा वाळल्यावर व्हॅक्युम फिरवतो. उलटी-जुलाबाचे काही विषाणू कार्पेटमध्ये दीर्घकाळ तग धरतात. इंग्लंडमधील एका रुग्णालयात अशी साथ संपून जवळपास दोन आठवडे झाल्यावर, रोज व्हॅक्युम होत असलेले कार्पेट उखडणारे दोन कामगार आजारी पडल्याची नोंद १९९७ साली प्रसिद्ध झाली आहे. तेव्हा हातमोजे व मास्क घालून, कागदाने ओला भाग अलगद टिपून घ्यावा, मग साबणाच्या गरम पाण्याने तेवढीच जागा धुवावी. शक्य असल्यास वाफेचे यंत्र फिरवावे. तिथे फिरते पॅड लावणे म्हणजे घाण चारी दिशांना पसरवणे होय. याच कारणाने दवाखान्यात, प्रसूतिगृहात किंवा रुग्णांच्या खोलीत कार्पेट असूच नये असे माझे ठाम मत आहे.

आणि शेवटी ज्याचा विचार सहसा कुणी करत नाही तो माणूस, म्हणजे यंत्र चालवणारा. बँकेतला बाबू वर्षातून चार वेळा ही धूळ खातो, तर रोजंदारीवर आलेला हा मुलगा रोज रात्री. पहिल्या व्हॅक्युमच्या वेळी आणि पिशवी रिकामी करताना त्याने एन-९५ मास्क लावायला हवा. नाकाला रुमाल बांधून बारीक धूळ अडत नाही. द्रावण हाताळताना रबरी हातमोजे घालावेत, नाही तर हात कोरडे पडून भेगा पडतात आणि बोटांच्या बेचक्यांत खरूज समजून चुकीची मलमे लावली जातात. डाग जावा म्हणून ब्लीचमध्ये अमोनिया किंवा ॲसिड मिसळण्याचा उद्योग कधीही करू नये. बंद खोलीत त्यातून निघणारा वायू जीवावर बेतू शकतो. यंत्राची वायर जोड दिलेली नसावी आणि प्लग तीन पिनांचा, अर्थिंगचा असावा, कारण काम ओल्या जागेवरचे आहे. मळलेले पॅड रात्रभर बादलीत भिजत टाकले की दुसऱ्या दिवशी त्यांना घाण वास येतो आणि तेच जंतू पुढच्या कार्यालयात पोहोचतात. ते त्याच दिवशी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. ठेका देणाऱ्या कार्यालयाने मास्क आणि हातमोज्यांचे पैसे दरातच धरावेत, म्हणजे ठेकेदाराला सबब उरत नाही.

या कामगारांपैकी कुणाला खोकला झाला, तर 'धुळीचा आहे' असे म्हणून तो महिनोन्महिने अंगावर काढतो. खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, वजन उतरू लागले किंवा संध्याकाळी कणकण वाटू लागली, तर जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात जाऊन थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयरोगासाठीची ही तपासणी आणि पुढचे औषधही तेथे मोफत मिळते.